सतरा नंबरची कुपी

नावं मला ठाऊक असतात. मुलांना फक्त नंबर.
परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी एकटाच
कुप्या भरतो, चिकटपट्टीवर आकडे टाकतो,
यादीची घडी परीक्षकांच्या पाकिटात.
दुसऱ्या दिवशी तोंडाला बूच.
एकतीस वर्षं हेच.

कॉलेज रोडच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी लागते.
बाहेरून द्राक्षांच्या क्रेटांचा टेम्पो जातो,
आत अमोनियाचा भपका डोळ्यांत.
कुणी फेरिक क्लोराईडचा थेंब सोडतो
आणि नळीत एकदम जांभळं उमटतं.
फिनॉल! असं ओरडायचं नसतं, तरी ओरडतात.
कुणाचा बर्फ वितळून गेलाय, रंग धरत नाही,
तो माझ्याकडे बघतो, मी घड्याळाकडे.
कुणी टॉलेन्सची नळी गरम पाण्यात धरून हलवत बसतो.
हलवू नकोस रे बाबा,
एवढंसुद्धा सांगता येत नाही.
जो हलवत नाही त्याच्या काचेला आतून चांदी चढते,
सराफ बाजारात कुणी विचारणार नाही इतकी पातळ,
तरी पोरगं आधी तिच्यात भांग नीट करतं.

मृण्मयी तांबट. भांडी बाजारातली.
फेहलिंगच्या तासाला निळ्याचं विटकरी झालं तेव्हा म्हणाली,
मामा, हा रंग आमच्याकडे रोज असतो,
पत्रा तापवून पाण्यात बुडवला की.
पुस्तकात नव्हतं ते. मी लक्षात ठेवलं.

तिला सतरा नंबर आला.
सतरा म्हणजे बेन्झाल्डिहाइड,
यादीत माझ्याच अक्षरात.
तिनं हातानं वारा ओढून वास घेतला, शिकवला तसा.
मग सोड्याचं पाणी.
बुडबुडे.
नळी धुतली, पुन्हा केलं.
बुडबुडे.
मी ट्रे पुसत होतो, तिथूनही दिसले.
तिनं लिहिलं: वास कडू बदामाचा, पण फसफस होते,
आम्ल असावं.
त्या ‘पण’वर पेन जरा जास्त वेळ टेकलं होतं,
शाईचा ठिपका पडला.

संगमनेरचे कानवडे सर. यादी पाहून लाल गोल.
“वास आला होता ना? मग?”
“सर, बुडबुडे आले.”
“येणार नाहीत.”
“आले, सर.”
रडली नाही. नळी घट्ट धरून उभी राहिली.

आणि मला ती बाटली आठवली.
वरच्या फळीवरची, लॉकडाऊनच्या आधीची,
बूच तिरकं बसलेलं,
गळ्याशी पांढरे खडे धरलेले, खडीसाखरेसारखे.
हवा लागली की आल्डिहाइडचं आम्ल होत जातं,
कुणी हात न लावता, आतल्या आत,
वरचं लेबल तसंच.
काल लाईट गेली, मला घाई होती,
तळाचं सगळं शेवटच्या कुपीत ओतलं.
शेवटची सतरा.

शिपायानं परीक्षेत बोलायचं नसतं.
स्टूल ओढलं, बाटली काढली, टेबलावर ठेवली.
“सर, हिला हवा लागलीय. चूक माझी.”
माझाच आवाज मला नवा वाटला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला,
खडे नखानं खरवडून पाहिले,
स्वतः नळी घेतली, स्वतः सोडा घातला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
नळीच बोलत होती, बारीक, फस्स करून.
मग त्यांनी गोलावर आडवी रेघ मारली
आणि मला म्हणाले, “पेखळे, यादीत दुरुस्ती करा.”
बस्स. एवढंच.
मुलीनं माझ्याकडे पाहिलंही नाही,
तिला पुढचा वितळणबिंदू काढायचा होता.

संध्याकाळी नळ्या धुतल्या.
चांदीच्या नळ्यांत नायट्रिक घातलं की आरसे विरघळतात,
त्याआधी एकीत डोकावलो:
नाक लांब, मिशी वाकडी, मागे सगळी प्रयोगशाळा उलटी.
मे महिन्यात रिटायर होतोय.

बाटलीचं लेबल नखानं काढायला गेलो, अर्धंच निघालं.
उरलेल्यावर नवी पट्टी चिकटवली
आणि मार्करनं लिहिलं:
जुनं आहे. तपासून घेणे.